चॉकलेट सिस्ट : चाकू, दुर्बीण की रोबोट?

डोळ्यांपुढे नोएडातील एक मराठी घर आणा. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, नागपूरहून बदली होऊन आलेला. बायको एकतीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. पाळीचे पहिले दोन दिवस तिला वर्गात उभे राहवत नाही. अलीकडे तर त्या दिवसांत संडासला बसले तरी जीव कासावीस होतो. जेवणाच्या टेबलावर तीन फायली पसरल्या आहेत. पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे, पोट उघडावे लागेल. दुसरे म्हणतात, दुर्बिणीने गाठ काढू. तिसऱ्या फायलीत एक गुळगुळीत माहितीपत्रक आहे, त्यावर रोबोटचे चित्र आणि आत लाखांतला खर्चाचा अंदाज. त्यातच पुण्याहून नणंदेचा फोन येतो, "वहिनी, आमच्या सोसायटीतल्या काकूंनी सरळ पिशवीच काढून टाकली. कटकट संपली!"

हे घर काल्पनिक असले, तरी अशी घरे दिल्लीत काय आणि दादरला काय, पुष्कळ सापडतील. त्या तीन फायलींपैकी कोणतीही खोटी नाही. फक्त त्यांत ज्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, तो नंतरचा प्रश्न आहे. पोटात कोणत्या वाटेने शिरायचे हे ठरवण्याआधी आत गेल्यावर काय काढायचे, काय राखायचे आणि हे काम कोणाच्या हातून करून घ्यायचे, ते ठरायला हवे.

आत नेमके काय झालेले असते?

गर्भाशयाच्या आतले अस्तर दर महिन्याला वाढते आणि पाळीत गळून पडते. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. बीजकोशावर, गर्भाशयामागच्या पोकळीत, आतड्यावर, मूत्राशयावर, कुठेही. त्यांनाही पाळीची चाहूल लागते. तेथे सूज येते, रक्त उतरते, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. बीजकोशात ते साचून घट्ट, तपकिरी होते, म्हणून त्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. अमेरिकेतील जॉन सॅम्पसन या डॉक्टरांनी १९२१ मध्ये या गाठींचे सविस्तर वर्णन केले. नाव गोड असले, तरी दुखणे मुळीच गोड नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया आणि मुलींना, म्हणजे जगभरात जवळजवळ १९ कोटी जणींना हा विकार आहे. निदान व्हायला मात्र अनेक वर्षे जातात. "पाळीत दुखायचंच", "लग्न झालं की थांबेल", "पहिलं मूल झालं की बघ, सगळं मोकळं होईल", ही वाक्ये ऐकतच मुली मोठ्या होतात. जॉर्ज इन्स्टिट्यूटच्या भारतातील संशोधकांनी दिल्ली आणि आसाममधील रुग्ण स्त्रियांशी आणि त्यांच्या पतींशीही बोलून या आजाराचा अभ्यास केला. पतींनाही विचारले हे फार बरे झाले, कारण हे दुखणे नोकरी, संसार आणि शय्यागृह या तिन्ही ठिकाणी पोचते.

आजार पुढे गेला की सूज आलेले अवयव एकमेकांना चिकटू लागतात. दोन्ही बीजकोश मागे ओढले जाऊन गर्भाशयाच्या पाठीशी जणू मिठी मारून बसतात, गुदाशय पुढे खेचला जातो आणि मधली पोकळी बंद होते. डॉक्टरी भाषेत ही चौथी पायरी. अमेरिकन पद्धतीत पोटातील डाग, गाठी आणि चिकटलेले भाग यांना गुण देतात आणि ते ४० च्या वर गेले की चौथी पायरी धरतात. पण या पायऱ्यांवरून दुखण्याची तीव्रता कळत नाही. चौथ्या पायरीवरची एखादी बाई केवळ मूल होत नाही म्हणून तपासायला येते, तर पहिल्या पायरीवरची एखादी दर महिन्याला गुरासारखी ओरडते. शिवाय आजार आतड्यात किंवा मूत्रवाहिनीत किती खोल गेला आहे, हेही या गुणांवरून नीट समजत नाही. त्यासाठी आता ‘एन्झियन’ नावाची वेगळी नोंदपद्धती वापरतात. रिपोर्टवर नुसते ‘ग्रेड फोर’ असे लिहिले असेल, तर शल्यचिकित्सकाला हवी असलेली निम्मी माहिती त्यात नसते.

तीन वाटा

पहिली वाट जुनी, पोटावर मोठा छेद देण्याची. डॉक्टरांना हाताने चाचपता येते, आतडे किंवा मूत्रवाहिनी अगदीच गुंतली असेल तर काहींना ती आजही भरवशाची वाटते. पण जखम मोठी, दुखणे अधिक, अंथरुणातले दिवस अधिक. शिवाय पोट उघडल्यावर आतले अवयव पुन्हा चिकटण्याचा संभव वाढतो आणि या आजारात चिकटणे हाच तर मूळ ताप!

दुसरी वाट दुर्बिणीची. बेंबीपाशी आणि ओटीपोटावर अर्ध्या ते एक सेंटिमीटरची तीनचार छिद्रे, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करायची आणि पडद्यावर मोठे झालेले चित्र पाहत काम करायचे. जर्मनीत कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली होती. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि मग ही वाट रुळली. एंडोमेट्रिओसिसच्या बाबतीत दुर्बिणीचा खास फायदा असा की, गर्भाशयामागच्या खोल कोपऱ्यातले बारीक डाग मोठे होऊन स्पष्ट दिसतात. पोट उघडून वरून पाहताना ते निसटू शकतात. म्हणून प्रगत आजारातही, हात तयार असेल तर, आज दुर्बिणीलाच पहिली पसंती मिळते.

तिसरी वाट रोबोटची. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. रोबोट आपणहून काही करत नाही. डॉक्टर काही फुटांवर बसून हातातल्या मुठी फिरवतात आणि त्यानुसार पोटातली अवजारे वळतात. ती मनगटासारखी वाकतात, चित्र खोलीसकट दिसते आणि डॉक्टरांची पाठ दुखत नाही. दिल्ली परिसरात ही यंत्रे आता बरीच आली आहेत. गुरुग्रामच्या एका कंपनीने तर ‘मंत्र’ नावाचा देशी रोबोटही बनवला आहे. मग रोबोटने केलेली शस्त्रक्रिया अधिक चांगली का? अमेरिकेत नेमका हाच प्रश्न घेऊन एंडोमेट्रिओसिसच्या ७३ रुग्ण स्त्रियांवर चाचणी झाली. कोणाला रोबोट आणि कोणाला साधी दुर्बीण, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. २०१७ मध्ये निकाल आला. लागलेला वेळ, रक्तस्राव, गुंतागुंत आणि पुढच्या महिन्यांतले जीवनमान, कशातच म्हणण्यासारखा फरक नव्हता. फार अवघड केसमध्ये एखाद्या डॉक्टरचा हात रोबोटवर जास्त चालत असेल, तर त्याने तो जरूर वापरावा. पण केवळ यंत्र आहे म्हणून रुग्णालय बदलण्याचे कारण नाही.

गाठ फोडायची, जाळायची की सोलायची?

खरा फरक आत गेल्यावर पडतो. चॉकलेट सिस्टचे तीन प्रकारे काही करता येते. एक म्हणजे सुई घालून आतला पदार्थ शोषून घ्यायचा. पाच मिनिटांचे काम, पण पिशवीचे आवरण जागेवर राहते आणि काही महिन्यांत ती बहुधा पुन्हा भरते. दुसरे, गाठ उघडून आतले आवरण विजेने किंवा लेसरने जाळायचे. तिसरे, संत्र्याच्या फोडीचे पापुद्रे काढावेत तसे आवरण बीजकोशापासून सोलून काढायचे. सोललेल्या गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण कमी असते आणि वेदनाही अधिक थांबतात. युरोपातील तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही सोलण्यालाच झुकते माप दिले आहे.

पण सोलताना आवरणाबरोबर चांगल्या बीजकोशाचाही पातळ थर निघून येतो आणि त्या थरातच तर स्त्रीबीजे असतात. एएमएच नावाच्या रक्ततपासणीवरून बीजांचा साठा अजमावतात. गाठ सोलल्यावर हा आकडा उतरल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा एकदा शस्त्रक्रिया होऊन गेली असेल, तर धोका अधिक. नोएडाच्या त्या शिक्षिकेला मूल हवे आहे. तिच्या फायलीत तीन सोनोग्राफ्या आहेत, सीए-१२५ नावाची रक्ततपासणी दोनदा केलेली आहे. ती या आजाराचे निदान करायला फारशी उपयोगी नाही, पण दिल्लीत सर्रास सांगितली जाते. एएमएच मात्र एकदाही केलेली नाही. शस्त्रक्रियेआधी हा आकडा माहीत नसेल, तर नंतर काय गमावले हे कधीच कळणार नाही.

यात एक भारतीय गुंता आहे. ओटीपोटातला क्षयरोगही असेच सोंग घेतो. बीजकोशापाशी गाठ, चिकटलेले अवयव, वाढलेले सीए-१२५, मूल न होणे, सगळे सारखेच. म्हणून काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला पाठवला गेला का, हे घरच्यांनी विचारावेच.

आतड्याचा प्रश्न

पाळीत संडासच्या वेळी कळ येणे ही साधी तक्रार नाही. आजार गुदाशयाच्या भिंतीत गेल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी पुन्हा तीन पर्याय उभे राहतात. आतड्याच्या पृष्ठभागावरची गाठ तासून काढायची, आतडे न उघडता. गाठ खोल असेल तर तेवढी गोल चकती कापून भोक शिवायचे. ती फार मोठी असेल, अनेक असतील किंवा आतड्याचा मार्गच अरुंद झाला असेल, तर तो तुकडा काढून दोन्ही टोके जोडायची.

तासण्यात धोका कमी, पण थोडा आजार मागे राहण्याची शक्यता असते. तुकडा काढण्यात सफाई अधिक, पण जोड गळणे, आतडे आणि योनिमार्ग यांच्यात छिद्र पडणे, जोडाच्या जागी मार्ग आवळणे, कधी काही आठवडे पोटावर शौचाची पिशवी लावावी लागणे, अशी किंमत पडू शकते. फ्रान्समध्ये ६० स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत आतडे राखण्याची पद्धत आणि तुकडा काढण्याची पद्धत समोरासमोर ठेवून पाहिली. दोन वर्षांनंतर शौचाच्या आणि लघवीच्या तक्रारींत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून जेथे राखता येते तेथे आतडे राखावे, असे म्हणणारे डॉक्टर आता बरेच आहेत. चाचणी लहान होती हेही लक्षात ठेवावे.

याच भागातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नाजूक नसा जातात. त्या दुखावल्या तर शस्त्रक्रियेनंतर लघवी आपोआप होत नाही, काही दिवस किंवा महिने नळी घालून काढावी लागते. मूत्रवाहिनीची गोष्ट आणखी फसवी. गाठीने ती आवळली तर वरचे मूत्रपिंड काही न दुखता हळूहळू निकामी होऊ शकते. ओटीपोटाच्या सोनोग्राफीच्या वेळी मूत्रपिंडेही पाहून घ्यायला फारसा वेळ लागत नाही. तरी ते राहून जाते!

म्हणूनच शस्त्रक्रियेआधी नकाशा हवा. योनिमार्गातून केलेली तज्ज्ञ सोनोग्राफी आणि एमआरआय यांवरून आजार कुठे, किती खोल, हे बरेचसे कळते. अविवाहित मुलीची योनिमार्गातून तपासणी करायची नसेल, तर एमआरआयचा आधार घेता येतो. पूर्वी नुसते निदानासाठी दुर्बीण घालत, आत पाहत, घाबरून टाके घालून बाहेर येत आणि मग रुग्णाला दुसरीकडे पाठवत. दोन भुली, दोन खर्च. हा प्रकार आता टाळता येतो.

पिशवी काढली की संपले?

आता पुण्याच्या नणंदेकडे वळू. गर्भाशय काढल्याने पाळी थांबते आणि अस्तर गर्भाशयाच्या भिंतीतच शिरले असेल तर आरामही मोठा पडतो. पण आतड्यावरचा, बीजकोशावरचा आजार तसाच ठेवून नुसती पिशवी काढली, तर दुखणे राहू शकते. दोन्ही बीजकोशही काढले तर ऐन तिशीत-चाळिशीत रजोनिवृत्ती ओढवते. अंगातून वाफा, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा वाढता धोका, हे सगळे दहापंधरा वर्षे आधीच दारात येते. मूल झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या, औषधांनी आराम न पडलेल्या बाईसाठी हा विचारपूर्वक निवडलेला मार्ग असू शकतो. कटकट संपवण्याचा जवळचा रस्ता म्हणून तो निवडू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये झाली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ‘पिशवी काढा’ हा सल्ला आपल्याकडे किती स्वस्त झाला आहे, याचा हा महाराष्ट्रातलाच पुरावा.

मूल हवे असेल तर

इथे डॉक्टरांतही मतभेद आहेत. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार करायचाच असेल, तर केवळ यशाचे प्रमाण वाढावे म्हणून आधी चॉकलेट सिस्ट काढण्याची शिफारस युरोपीय मार्गदर्शिका करत नाही. वेदना असह्य असतील, गाठीमुळे बीजांपर्यंत सुई पोचत नसेल किंवा गाठीबद्दल संशय असेल, तर गोष्ट वेगळी. एएमएच कमी असेल तर काही ठिकाणी आधी बीजे किंवा भ्रूण गोठवून ठेवतात, मग शस्त्रक्रिया करतात. थोडक्यात, स्त्रीरोग शल्यचिकित्सक आणि वंध्यत्वतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलायला हवे. ते बोलत नसतील तर फाइल घेऊन दोघांकडे जाण्याचे काम नवऱ्याने करावे. बाई आधीच थकलेली असते.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे आजार कायमचा गेला, असेही नाही. २००९ च्या एका आढाव्यात दोन वर्षांत सुमारे २१ टक्के आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के स्त्रियांत तो परतल्याचे नोंदवले आहे. लगेच मूल नको असेल तर नंतर संप्रेरकाच्या गोळ्या किंवा संप्रेरकयुक्त तांबी किमान दीडदोन वर्षे वापरली, तर पाळीचे दुखणे परतण्याला आळा बसतो. "ऑपरेशन झालंय ना, मग पुन्हा गोळ्या कशाला?" असे सासूबाईंनी विचारले, तर हा हिशेब त्यांना सांगावा.

जायचे कुठे?

राजधानीत एक सोय मोठी आहे. एम्स आणि सफदरजंग ही दोन प्रचंड सरकारी रुग्णालये रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे आहेत, लेडी हार्डिंग आणि लोकनायक आहेत. अशा ठिकाणी स्त्रीरोग, मूत्ररोग आणि पोटाच्या शस्त्रक्रियेचे विभाग एका आवारात सापडतात. रांग लांब असते, तारीख उशिरा मिळते. खासगीत तारीख लवकर मिळते, पण आतड्याचे शल्यचिकित्सक त्या दिवशी हजर असतील का, हे आधी विचारावे लागते. सीजीएचएसच्या यादीतील रुग्णालयांचे दर ठरलेले असतात, रोबोटचा जादा खर्च त्यात बसतो का हे लेखी घ्यावे. खासगी विम्यात रोबोटची शस्त्रक्रिया धरलेली असली, तरी पुष्कळ पॉलिसींत तिच्यावर वेगळी मर्यादा असते. ती रक्कम बारीक अक्षरांत छापलेली सापडेल.

नोएडाच्या त्या टेबलावर आता चौथी फाइल आली आहे. एमआरआयमध्ये दोन्ही बीजकोशांत गाठी आणि गुदाशयाला चिकटलेली एक गाठ दिसते आहे. मूत्रपिंडे ठीक आहेत. एएमएचचा रिपोर्ट यायचा आहे. शिक्षिकेने पाकिटाच्या मागे पेनाने प्रश्न लिहिले आहेत : आतड्यापर्यंत गेलेल्या अशा किती केस तुम्ही वर्षभरात करता? बीजकोश किती राखणार? आतड्याचे डॉक्टर सुरुवातीपासून असतील की गरज पडली तर बोलावणार? आत काही वेगळे निघाले तर मला न विचारता काय काय काढाल? शेवटच्या प्रश्नाखाली तिने दोन रेघा ओढल्या आहेत, कारण संमतिपत्रावर सही तिला करायची आहे.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटून सगळे वाचले. त्यांच्याकडे रोबोट नाही. आतड्याचे शल्यचिकित्सक त्यांच्याबरोबर फक्त गुरुवारी असतात, तेव्हा एएमएचचा आकडा पाहून तारीख गुरुवारचीच घ्यावी लागेल, असे त्या म्हणाल्या. नवऱ्याने रजेचा अर्ज काढून तारखेची जागा मोकळी सोडली.